खळं, कातळ आणि कॅमेरा : महाड-पोलादपुरात नाच बसवणाऱ्यांसाठी

महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्यात सासनकाठी नाचताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना स्थळनिष्ठ नृत्य कशाला म्हणतात हे वेगळं सांगायला नको. महाशिवरात्रीच्या या उत्सवात आसपासच्या गावांतल्या देवांच्या काठ्या-पालख्या महाडात येतात, विन्हेऱ्याची झोलाई येते आणि ढोल-सनईच्या गजरात काठ्या नाचतात. उंच बांबू, त्याला गुंडाळलेलं कापड, वर गोंडे आणि खाली तो तोलणारा गडी. त्याची नजर टोकाकडे, गुडघे सैल आणि पाय गर्दी देईल तेवढ्या जागेत. गल्ली अरुंद झाली की पावलं आखूड होतात, मोकळं पटांगण आलं की अंग खुलतं, वर विजेची तार दिसली की सगळा झोक बदलतो. हा नाच कुणी कागदावर बसवलेला नाही. रस्त्याने, वजनाने आणि माणसांच्या दाटीने तो बसवला आहे.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या नृत्यदिग्दर्शकाने महाड-पोलादपुरात काही करायचं ठरवलं, तर सुरुवात इथून करावी असं मला मनापासून वाटतं. पुण्या-मुंबईत कथक, भरतनाट्यम किंवा समकालीन नृत्य शिकलेल्या इथल्या मुला-मुलींना गावाकडे काहीतरी करायचं असतं. वाडीत जाखडी नाचणाऱ्या पोरांच्या हातात बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा फोन असतो. साधनांची आता फारशी अडचण नाही. तरी चित्रफिती सारख्याच निघतात: हिरवा डोंगर, धबधबा, पांढऱ्या साडीतली गिरकी, वरून ड्रोन. तीच गिरकी उद्या माळशेजला नेली तर तिचं एकही पाऊल बदलणार नाही. जागा बदलली की ज्याचं पाऊल बदलतं असा नाच आणि असा नृत्यपट कसा करायचा आणि तो कुणाला आधी दाखवायचा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

जागा निवडताना लहान निवडा. रायगड दिसतो म्हणून रायगड, शिवथरघळ गाजलेली म्हणून शिवथरघळ, असं करू नका. एखादी पाखाडी, एका घराची पडवी, नदीतला एखादा कोंड, भाताचं एकच खाचर आणि त्याचा बांध एवढी जागा पुरे. तिथे एक अख्खा दिवस नुसते बसा. ऊन कुठून येतं, सावली किती वाजता कुठे सरकते, गुरं कधी जातात, पाण्याला बाया कधी येतात, एसटीचा हॉर्न ऐकू येतो का, बोललेलं समोरच्या उतारावर पोहोचतं का, हे सगळं वहीत लिहा. मग चपला काढून चाला. ज्या ठिकाणी पाय आपोआप सावध होतो ते ठिकाण लक्षात ठेवा, कारण तुमचा नाच बहुधा तिथेच आहे.

इथलं जुनं काम नीट पाहिलं तर फार शिकायला मिळतं. जाखडी घ्या. गौरी-गणपतीत शेणाने सारवलेल्या खळ्यात किंवा अंगणात ती रंगते. मधे ढोलकी, झांज आणि गाणारे. भोवती पायात चाळ बांधून फेर धरलेले नाचे. आणि त्यांच्या भोवती ओटीवर, पडवीत, अंगणाच्या गडग्यावर बसलेलं गाव. या नाचाला समोरची बाजू नाही. प्रत्येक नाच्या प्रत्येक घरासमोरून जातो. आजीला ओटीवरून नातू दिसतो, पुढच्या क्षणी तो पाठमोरा होतो, मग पुन्हा येतो. हीच मंडळी शक्ती-तुऱ्यासाठी मुंबईच्या नाट्यगृहात जातात, तेव्हा प्रेक्षक एकाच बाजूला असतो आणि फेर पुढच्या बाजूला उघडावा लागतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण कॅमेरा घेऊन खळ्यात उतरलात तर तो प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत ठेवू नका, नाट्यगृहच परत तयार होईल. ढोलकीवाल्याच्या खांद्याशी, फेराच्या मधोमध ठेवा. चेहरे एकामागून एक समोरून जातील, मागे घरं फिरतील, आणि चाळांचा आवाज एका कानातून दुसऱ्या कानात जाईल. नंतर माळ्यावर चढून वरून एकदा घ्या, म्हणजे फेर किती गोल आहे आणि कुठे अंगणाच्या तुळशीमुळे तो वाकडा होतो ते दिसेल. त्या वाकडेपणाला दुरुस्त करू नका.

शिमग्यातली पालखी हा दुसरा धडा. पालखी खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांचे गुडघे पाहा. वजन दोघांत वाटलेलं असतं, एकाने झोक घेतला की दुसऱ्याला घ्यावाच लागतो, आणि खांदेपालट होतो तो पालखी जमिनीला न टेकवता. समकालीन नृत्याच्या कार्यशाळेत वजन देणं-घेणं शिकायला महिने जातात. इथे दहा-बारा वर्षांची पोरं पालखीखाली शिरून ते शिकतात. भातलावणी करणाऱ्या बाईची कंबर, तिचं मागे मागे सरकणं, डाव्या हातातली मूठभर रोपं आणि उजव्या हाताची लय हाही तसाच धडा. मात्र एक पथ्य पाळा. देवाची पालखी किंवा काठी तुमच्या कलाकृतीत वापरायला उचलू नका. ती देवाची आहे, मानकऱ्यांच्या हातची आहे. तिच्यातलं वजनाचं शास्त्र घ्या आणि ते बांबूच्या ओंडक्यावर, भाताच्या भाऱ्यावर, पाण्याच्या हंड्यावर करून पाहा. पोलादपूर तालुक्यात वारकरी परंपरा घट्ट आहे. तिथे सप्ताहात पावली घालणारी माणसं तुम्हाला टाळाच्या एका ठोक्यात किती पाऊल मावतं हे कुठल्याही शिक्षकापेक्षा चांगलं दाखवतील, पण आधी सप्ताहात बसा, मग विचारा.

आता एक उदाहरण नीट उलगडून सांगतो, कारण नुसत्या तत्त्वाने नाच बसत नाही. महाड शहर सावित्री आणि गांधारीच्या काठी आहे. भरतीचा दाब खाडीतून इथपर्यंत येतो. वर महाबळेश्वराच्या बाजूला पाऊस कोसळत असला आणि खाली भरती असली, की पाण्याला वाट उरत नाही आणि ते बाजारपेठेत शिरतं. २००५च्या जुलैमध्ये शिरलं, २०२१च्या जुलैमध्ये शिरलं. बाजारपेठेत कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारलंत, तर तो भिंतीवर हात ठेवून सांगेल, पाणी इथपर्यंत होतं. हा हात ठेवणं ही हालचाल आहे, आणि शहरातल्या जवळपास प्रत्येक माणसाच्या अंगात ती आहे.

समजा तुम्ही दोन नर्तक घेऊन एका बंद गल्लीत काम करता. भिंतीवर खडूने ती पुराच्या पाण्याची रेघ मारा. रेघेखाली शरीर पाण्यात आहे असं धरा: चाल जड, पाऊल चाचपडत, कपडे ओले, हात बाजूने ढकलत. रेघेच्या वर फक्त हात आणि त्या हातांत जे वाचवायचं ते. काय वाचवायचं हे तुम्ही ठरवू नका, गल्लीतल्या लोकांना विचारा. कुणी वहीखाती म्हणेल, कुणी शिलाई मशीन, कुणी देव्हारा. त्या वस्तूच्या वजनावरून हात किती उंच राहील आणि किती वेळ टिकेल हे ठरेल. पाण्याची पातळी वाढते तशी रेघ वर सरकवा. माणसाच्या उंचीच्या वर रेघ गेली की नाच जिन्यावर जातो, जिन्यावरून गच्चीवर जातो. संपूर्ण रचना तुम्हाला त्या शहराने दिली, आणि तिला पाण्याचा एकही थेंब दाखवावा लागला नाही. बघणाऱ्या महाडकराला काही समजावून सांगावं लागणार नाही. मात्र नर्तकांमध्ये किंवा गल्लीत त्या पुरात माणूस गमावलेलं कुणी असेल, तर आधी त्यांच्याशी बोला. ते नको म्हणाले तर गल्ली बदला.

काही जागा अशा आहेत की तिथे नाचायचं की नाही हाच पहिला प्रश्न असतो. २२ जुलै २०२१ला तळियेच्या कोंडाळकर वाडीवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही दरडी कोसळल्या. उघडी पडलेली लाल माती पडद्यावर प्रभावी दिसते म्हणून तिथे कॅमेरा नेणं मला मान्य नाही. वाचलेल्या माणसांनी स्वतः बोलावलं, त्यांना आपल्या माणसांसाठी काही करायचं असलं आणि त्यात तुमची मदत हवी असली, तर जा. आणि मग ते म्हणतील तेच करा.

चवदार तळ्याची गोष्ट वेगळी आहे. १९ आणि २० मार्च १९२७ला महाडात परिषद भरली आणि २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारो माणसं ओळीने चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव आधीच केला होता. तो पाळला जात नव्हता. पाणी प्यायल्याबद्दल लोकांनी मार खाल्ला, तळं 'शुद्ध' करण्याचा प्रकार झाला, खटला चालला आणि १९३७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला. परिषदेच्याच वर्षी, १९२७च्या २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचं दहन झालं. चालणं, वाकणं, ओंजळ भरणं, ती तोंडाशी नेणं एवढ्याच हालचाली, आणि त्या कुणी कुठे केल्या यावर त्यांचं सगळं मोल. दरवर्षी २० मार्चला तिथे लोटणारी माणसं या हालचालीचे वारसदार आहेत. महाड परिसरात, कुठेही, तुमच्या नाचात माणसं ओळीने पाण्याकडे चालली किंवा कुणी ओंजळ उचलली, तर बघणारा त्यात हे वाचणारच. म्हणून ही हालचाल सौंदर्यासाठी सहज घालू नका. घालायचीच असेल, तर आंबेडकरी चळवळीतल्या कलावंतांना बरोबरीने सोबत घ्या. जलशांची आणि शाहिरीची मोठी परंपरा त्यांच्यामागे आहे आणि त्या तळ्याविषयी बोलण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.

आता पायाखालचं. इथे पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं आणि दिसायला कोरडा वाटणारा दगडही निसरडा असतो. भर उन्हाळ्यात दुपारी तोच कातळ अनवाणी पायाला भाजतो. सड्यावरचा जांभा खरखरीत, त्यावर घसटलं की कातडी सोलते. माझ्या मते कामाला सर्वांत चांगला काळ म्हणजे पाऊस ओसरल्यापासून थंडी संपेपर्यंतचा. आश्विनात खाचरं पिवळी होतात, कापणी झाली की तीच मोकळी रंगभूमी होते, आणि धसकटं काढून घेतली तर पाय ठेवायला मऊही असते. पावसातच करायचं असेल तर हवामान खात्याचा इशारा रोज बघा. नारंगी किंवा लाल इशारा आला की काम बंद, चर्चा नाही. वरंध आणि आंबेनळी घाट पावसाळ्यात दरडींमुळे ऐनवेळी बंद होतात, त्यामुळे भोर किंवा महाबळेश्वरच्या बाजूने येणाऱ्या नर्तकांच्या भरवशावर दिवस ठरवू नका. नदीपात्रात काम असेल तर वर डोंगरात पाऊस आहे का ते विचारून घ्या. इथे ऊन असतानाही पाणी वाढतं.

विंचवाची गोष्ट गमतीत घेऊ नका. लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत असत, आणि त्यावर प्राझोसिन हे औषध कसं उपयोगी पडतं हे ज्यांनी जगाला दाखवलं, ते डॉ. हिंमतराव बावस्कर याच भागात, बिरवाडी आणि महाडला काम करत होते. त्यांचं संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तेव्हा जमिनीवर लोळणाऱ्या हालचाली असतील, तर आधी जागा झाडून घ्या, दगड हाताने न उचलता काठीने पालथे करा, काळोख पडल्यावर गवतात कुणाला झोपवू नका. सड्यावर फुरसं असतं हेही लक्षात ठेवा. सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं आणि तिथे न्यायला गाडी कुणाची, हे सरावाच्या पहिल्याच दिवशी ठरलेलं असावं.

परवानगीचं काम कंटाळवाणं वाटतं, पण त्यातूनच गावाशी ओळख होते. वाडीत काही करायचं तर ग्रामपंचायतीच्या पत्राआधी गावकीत विषय घाला. गावकीने हो म्हटलं की निम्मी कामं झाली. गावकीला डावलून तहसीलदाराचं पत्र आणलंत तरी काही होणार नाही. जमीन खासगी असेल तर सातबारा बघा. कोकणात एकेका तुकड्यावर पंधरा-वीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत. प्रत्यक्ष वहिवाट कुणाची हे शेजाऱ्यांना विचारा आणि मुंबईतल्या थोरल्यालाही एक फोन करा. ऐन चित्रीकरणात एखादा चुलतभाऊ उभा राहून 'कुणाला विचारलं?' म्हणण्यापेक्षा ते बरं. देवळासमोर किंवा देवराईत काही करायचं असेल तर गुरव आणि मानकरी यांचा शब्द अखेरचा.

रायगड आणि गांधारपाले लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. तिथे फोनवर आठवण म्हणून काढलेला व्हिडिओ वेगळा. वेशभूषा, ट्रायपॉड, दिवे घेऊन ठरवून केलेलं चित्रीकरण म्हटलं की खात्याची लेखी परवानगी आणि शुल्क आलं, आणि त्याला वेळ लागतो. रायगड २०२५मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्यां'चा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तिथे अधिकच काटेकोरपणा अपेक्षित धरा. गांधारपाल्याची लेणी मुंबई-गोवा महामार्गावरून दिसतात. विहाराच्या आत पावलाचा आवाज घुमतो, आणि त्या घुमण्याच्या लांबीवर रचना बांधता येईल, म्हणून परवानगीचे श्रम घ्यायला ती जागा योग्य आहे. वनजमिनीसाठी वनखातं, गर्दी जमणार असेल किंवा ध्वनिक्षेपक असेल तर पोलीस ठाणं. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सरकारी जागांवरच्या चित्रीकरणासाठी गोरेगावच्या महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, तिचा उपयोग करा. ड्रोन उडवायचाच असेल तर २०२१चे ड्रोन नियम वाचा आणि 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर तो भाग कुठल्या रंगात येतो ते बघा. बहुतेक वेळा ड्रोनची गरज नसते.

कॅमेऱ्यासमोरचा नाच आणि जागेवर प्रत्यक्ष दाखवायचा नाच ही दोन स्वतंत्र कामं आहेत. एकाच रचनेचे दोन्ही करता येतात, पण एकाचं चित्रीकरण म्हणजे दुसरं असं धरून चालू नका. माया डेरेन या अमेरिकी दिग्दर्शिकेने १९४५मध्ये काही मिनिटांचा एक नृत्यपट केला. नर्तक टॅली बीटी रानात पाय उचलतो आणि तो पाय खाली टेकतो घराच्या खोलीत. तीच हालचाल पुढे संग्रहालयात जाते. हालचाल एक, जागा तीन. हे रंगमंचावर शक्य नाही, फक्त संकलनात शक्य आहे. इथे तुम्ही खाचरात टाकलेलं पाऊल मुंबईच्या चाळीतल्या जिन्यावर टेकवू शकता, आणि महाड-पोलादपुरातल्या कुठल्याही घराला त्याचा अर्थ कळेल, कारण प्रत्येक घराचं एक पाऊल तिकडे आहे. मराठी वाचकाला आणखी एक पाहण्यासारखा चित्रपट म्हणजे अरुण खोपकर यांचा 'संचारी' (१९९१), लीला सॅमसन यांच्या भरतनाट्यमवरचा. शास्त्रीय नाचाकडे कॅमेऱ्याने कसं बघावं हे त्यात दिसतं.

प्रत्यक्ष प्रयोगासाठी मला त्रिशा ब्राउन यांचा 'रूफ पीस' फार जवळचा वाटतो. १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या गच्च्यांवर दूर दूर उभे राहून नर्तक एकाची हालचाल बघून पुढच्याला देत होते, आणि देता देता ती बदलत होती. पोलादपूरच्या डोंगरात वाड्या एकमेकींना दिसतात, पण जायला तास लागतो. एका वाडीच्या टेपावरून सुरू झालेली हालचाल समोरच्या उतारावर, तिथून खालच्या वाडीत अशी पोहोचवून बघा. लांबून ओळखू यायची म्हणजे हालचाल मोठी आणि संथ हवी, रंग गडद हवा, आणि धुकं आलं तर ती मधेच हरवणार हे मान्य हवं. प्रेक्षकही एकाच जागी सगळं पाहू शकणार नाही. ज्याला जेवढं दिसेल तेवढा त्याचा प्रयोग.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. फोन पुरतो. ट्रायपॉड हवाच, नाहीतर दगडाचा थर रचा. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, फोन विमान मोडवर टाका, सेकंदाला २५ फ्रेम ठेवा. आपल्याकडच्या विजेच्या ट्यूबलाइटखाली त्याने लुकलुक कमी होते. पहिल्यांदा पूर्ण रचना एका जागेवरून, न थांबता घ्या, मग जवळून. पाय कापू नका. या भागात नाच पायातून वर येतो आणि जमिनीशी त्याचं काय चाललं आहे ते दिसलं नाही तर उरतं काय? पाण्याजवळ संगीत ऐकू येत नाही, तेव्हा नर्तकांना श्वासावर किंवा एकमेकांच्या नजरेवर चालायची सवय सरावातच लावा. चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेचा आवाज दोन-तीन मिनिटं वेगळा ध्वनिमुद्रित करा. संकलनात तो सोन्याच्या मोलाचा ठरतो.

संगीत चित्रपटातलं उचलू नका. यूट्यूब ते ओळखून दावा लावतं आणि महोत्सव तर घेतच नाहीत. गावातल्या ढोल-सनईवाल्यांना, खालूबाजावाल्यांना, शाहिराला पैसे देऊन वाजवून घ्या आणि कशासाठी वापरणार ते मराठीत, एका पानावर लिहून सही घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना ही नाट्यकृतीत मोडते, पण ती लिखित किंवा अन्य रूपात नोंदलेली असली तरच. म्हणून तुमची रचना नोंदवून ठेवा: आकृत्या, मात्रा, तारीख. नर्तकालाही त्याच कायद्याने प्रयोगकर्त्याचे हक्क दिले आहेत आणि ते पन्नास वर्षं राहतात. जाखडीचं मंडळ तुमच्या कामात आलं तर ती परंपरा तुमच्या नावावर होत नाही. श्रेयनामावलीत वाडीचं नाव, मंडळाचं नाव, शाहिराचं नाव, ढोलकीवाल्याचं नाव, सगळं पूर्ण आणि शुद्ध लिहा. मानधन पहिल्या दिवशी ठरवा आणि शेवटच्या दिवशी द्या. वाडीतला माणूस भात कापायचं सोडून आला असेल तर त्या दिवसाची मजुरी त्यात धरा. नर्तकांना पैसे आणि गावकऱ्यांना चहा-वडापाव हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो.

जागेवर प्रयोग लावताना शेवटच्या एसटीची वेळ आधी बघा आणि त्याआधी अर्धा तास प्रयोग संपवा. म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा, प्यायला पाणी, उतरणीवर कंदील किंवा टॉर्च धरून उभी राहणारी दोन मुलं एवढी व्यवस्था असली तर लोक येतात. बायकांना यायला सोयीची वेळ विचारा, ती बहुधा तुम्ही ठरवलेली नसते.

नृत्यपट तयार झाला की तो सर्वांत आधी त्या वाडीत दाखवा. शाळेची पांढरी भिंत किंवा देवळाचा सभामंडप, भाड्याचा प्रोजेक्टर, आणि दिवस गणपतीतला किंवा शिमग्यातला, म्हणजे चाकरमानी आलेले असतात. लोक काय म्हणतात ते ऐका आणि त्यांनी एखादं दृश्य काढायला सांगितलं तर काढा. त्यानंतर मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ. जवळपास प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ असतं, त्याची वर्षातून एकदा सभा होते, आणि तिथे दहा मिनिटं मागितली तर मिळतात. चांगला, मनापासून बघणारा प्रेक्षक म्हणून या जाळ्याकडे कलावंतांनी अजून पुरेसं पाहिलेलं नाही. पुढच्या कामाला वर्गणीही तिथून निघू शकते, कारण ती आपल्या अंगणाची फिल्म असते.

महोत्सवांकडे त्यानंतर वळा. मुंबईचा 'मिफ' हा माहितीपट-लघुपटांचा महोत्सव १९९०पासून भरतो. न्यूयॉर्कचा 'डान्स ऑन कॅमेरा' १९७१पासून फक्त नृत्यपटांसाठी आहे. पणजीत २०१६पासून होणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात जुन्या वास्तूंमधले प्रयोग बघायला मिळतात, निदान एकदा जाऊन या. 'फिल्मफ्रीवे'वरून बहुतेक ठिकाणी अर्ज करता येतो. प्रवेशशुल्क डॉलरमध्ये असतं, तेव्हा वर्षाचं अंदाजपत्रक ठरवून मोजकेच महोत्सव निवडा आणि शुल्कमाफीसाठी पत्र लिहायला लाजू नका. फिल्म आधीच सार्वजनिक टाकलेली असेल तर काही महोत्सव ती घेत नाहीत, म्हणून तोवर पासवर्ड असलेली लिंक ठेवा. वाडीतल्या खेळाने सहसा अडत नाही, पण नियम वाचा. लांबी दहा मिनिटांच्या आत असेल तर निवडीची शक्यता वाढते. सोबत देण्याच्या टिपणात सह्याद्रीच्या कुशीतलं निसर्गरम्य वगैरे लिहू नका. सावित्री कुठून येते, भरती कुठवर चढते, भिंतीवरची रेघ किती उंच आहे, ते लिहा. बोली संवाद किंवा गाणं असेल तर इंग्रजी आणि मराठी दोन्ही उपशीर्षकं द्या. खालच्या वाडीतलं गाणं वरच्या तालुक्यातल्या माणसालाही सगळं कळतं असं नाही.

महोत्सवांचा फेरा आटोपला की फिल्म सर्वांसाठी खुली करा, आणि एक प्रत, न कापलेल्या चित्रीकरणासह आणि सगळ्यांच्या नावांच्या यादीसह, पेनड्राइव्हवर घालून गावकीच्या पेटीत, एक मंडळाच्या मुंबईच्या कार्यालयात आणि एक तालुक्याच्या वाचनालयात द्या. जाखडीचे जुने नाचे थकत चालले आहेत, आणि पुढच्या पोरांना पाऊल कसं पडत होतं हे बघायचं झालं तर त्यांना मुळातलं, न कापलेलं चित्रीकरणच लागेल.